दहातला चौथा

सोमवार, ४ मार्च

नवी वही, नवी नोकरी. वही वहिनीने दिली, नोकरी लंबूने. वही देताना वहिनी म्हणाली, "हिच्या तरी शेवटच्या पानापर्यंत पोच." टोमणाच होता, पण कागद जाड आहे, शाई फुटत नाही, म्हणून मी गप्प बसले.

लंबू म्हणजे दादाचा कामातला जोडीदार. दोघं उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुतात. गच्चीवरून दोरांनी झुला सोडायचा, त्यात उभं राहून मजला-मजला खाली यायचं. गेल्या आठवड्यात त्यांनी संशोधन संस्थेच्या खिडक्या धुतल्या, तेव्हा लंबूला कळलं की तिथे एक माणूस हवाय. "बसून आकडे लिहायचेत," तो मला म्हणाला. "तुला बसता येतं का, भिंगरे?"

भिंगरी हे नाव दादाने ठेवलं, लंबूने ते पसरवलं. उगाच नाही म्हणा. तीन वर्षांत बर्फाचा कारखाना, बेकरी, होडीचं तिकीटघर, आणि मधे दीड महिना दारोदार कंगवे विकले. शाळा मी दोनदा सोडली आणि शाळेने मला एकदा.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळे नुसतं सर म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, "दशांश चिन्ह येतं?" मी म्हटलं, दशांश येतं, अपूर्णांकाची भीती वाटते. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. उद्यापासून ये म्हणाले.

बुधवार, ६ मार्च

काम समजलं. लिहून ठेवते, म्हणजे घरी कुणी विचारलं की ततपप होणार नाही.

सिमेंट-खडीचे दहा ठोकळे आहेत, प्रत्येक बादलीएवढा. प्रत्येकात एक भोक, भोकात सरांचा डिंक, डिंकात अंगठ्याएवढा जाड बोल्ट. डिंक मी म्हणते, मिस्त्रीही म्हणतात. सर रेझिन म्हणतात. तो त्यांनी पाच वर्षं खपून बनवलाय. ठोकळा वर लोखंडी चौकटीत बसवलेला, बोल्ट खाली तोंड करून, आणि बोल्टला वजनं लटकवलेली. हे सगळं एका पत्र्याच्या खोलीत. तिचं नावच गरम खोली. भर उन्हाळ्यात दुपारी गच्ची तापते तेवढं आत तापवून ठेवतात, कारण हे बोल्ट पुढे गच्च्यांवरच बसायचेत. बोल्ट केसभरही सरकला तर शेजारच्या डायलचा काटा हलतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर दोन तासांनी आत जायचं, दहा आकडे वाचायचे, बाहेर येऊन लिहायचे. मधल्या वेळात बाहेरची खोली सोडून जायचं नाही.

"म्हणजे काही घडत नाहीये ना, एवढंच बघायचं?" मी विचारलं.

"बरोबर," सर म्हणाले. "काही घडत नाही हे सिद्ध करायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो."

मग रोजवहीचे नियम. शाईनेच लिहायचं. पान फाडायचं नाही. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि चुकलं तर गिरगटायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. "का?" मी विचारलं. सर म्हणाले, "तू चुकलीस हेसुद्धा घडलेलंच आहे. उद्या कुणाला तेच बघायचं असेल."

मला असं नीट कुणी काही शिकवलं नव्हतं. बेकरीत शिकवायची पद्धत म्हणजे डोक्यात टपली.

मिस्त्री म्हणजे ठोकळे ओतणारे. तीस वर्षं तेच करतायत. बोलणं कमी. माझ्याकडे बघून सरांना म्हणाले, "आठवडाभर टिकेल."

मी विचारलं, "ठोकळे की मी?"

"ठोकळ्यांचं मी बघतो."

मंगळवार, १२ मार्च

लंबू जेवायला होता. तो जेवायला असला की वहिनी चार पोळ्या जास्त लाटते आणि तरी शेवटची तिच्या ताटातलीच जाते.

दादाने बातमी आणली. मोठ्या काचेच्या इमारतीचं काम त्यांना मिळतंय, वर्षभराचं. तिथे झुला अडकवायला गच्चीत लोखंडी पाट्या आरपार बसवाव्या लागणार होत्या, पण इमारतवाले म्हणतायत की संस्थेत एक नवा डिंक तयार होतोय, भोक पाडा, बोल्ट चिकटवा, दुसऱ्या दिवशी झुला सोडा. परीक्षेचा दाखला आला की तोच वापरणार.

"तो आमचाच!" मी घास हातात धरून ओरडले.

लंबूने ताट खाली ठेवलं. "म्हणजे आम्ही दोघं हिच्या भरवशावर लटकणार?"

"माझ्या नाही, सरांच्या."

"काटा कोण वाचतं?"

"मी."

"मग झालं तर. वहिनी, पोळी राहू द्या, वजन कमी करतो."

हसून हसून दादाला ठसका लागला. मला मात्र आतून बरं वाटलं. आतापर्यंत माझ्या कुठल्याच नोकरीचा घरात कुणाला उपयोग झाला नव्हता. बर्फाचा सुद्धा नाही, घरी येईपर्यंत विरघळायचा.

शुक्रवार, १५ मार्च

नऊ काटे पंचवीसच्या आसपास झोपलेत. चौथा एकतीसवर. दाराजवळ पहिलाच आहे तो, आत गेलं की आधी त्याचीच भेट. आज मी त्याला "काय, कुठं निघालात?" असं विचारलं. मिस्त्री मागे उभे होते. काही बोलले नाहीत, हे त्यांनी फार वाईट केलं.

मंगळवार, २६ मार्च

तीन आठवडे झाले आणि मी अजून इथेच आहे. दादा म्हणतो कॅलेंडरवर खूण करू.

आज चौथा ३८, मग ४१, सहा वाजता ४४. बाकीचे जागचे हलत नाहीत. मला इतकं नवल वाटलं की सर घरी निघाले होते त्यांना जिन्यात गाठून सांगितलं. ते परत वर आले, आत जाऊन डायलवर टिचकी मारली, बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बघू. एखादा असतो असा."

"माझ्यासारखा," मी म्हटलं.

नेहमीसारखे हसले नाहीत. दमले असतील. दाखल्याची तारीख जवळ आलीय.

बुधवार, २७ मार्च

(प्रयोगशाळेतच लिहितेय, दुपारचे सव्वाबारा.) आठला ५२. दहाला ५८. बाराला ७१! रोजवहीत लिहिलं आणि राहवत नाही म्हणून इथेही. गरम खोलीच्या दाराची खिट्टी हट्टी आहे, गुडघ्याने दार दाबून धरल्याशिवाय बसत नाही. आता बाहेर येताना ती ठक्कन बसली ती माझ्या गुडघ्यावरच. चांगलं टेंगूळ आलंय. सर वरच्या मजल्यावर बैठकीत आहेत, आले की ७१ सांगते.

खाली केवढा आरडाओरडा चाललाय. कोपऱ्यावरच्या पुलाखाली एक ट्रक अडकलाय. चार बोटांनी उंच झालाय फक्त. पाच मिनिटं बघून येते.

(रात्री नाही, दुपारीच, बसथांब्यावर.) पाच मिनिटं नव्हती. ड्रायव्हर एकेका चाकातली हवा सोडत होता आणि ट्रक केसाकेसाने खाली बसत होता. लोक पैजा लावत होते. सुटला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. घड्याळ बघितलं तर एक वाजायला दहा कमी.

धावत वर आले तर गरम खोलीचं दार सताड उघडं. आत सर उभे, त्यांच्या मागून मिस्त्री नुकतेच पोचत होते. चौथ्या ठोकळ्याची वजनं जमिनीवर, बोल्ट वजनांसकट उपसून आलेला, त्याच्या अंगावर डिंक तसाच, उपटून काढलेल्या दाढेसारखा. फरशीचा टवका उडालाय. कुणी खाली असतं तर.

मी रडायलाच लागले. सर म्हणाले, आज घरी जा.

गुरुवार, २८ मार्च

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "घाबरू नकोस. फक्त आठव. तू खाली गेलीस तेव्हा दार नीट लावलं होतंस?"

मी म्हटलं, लावलं असेल.

"असेल नको. खिट्टी त्रास देते ना ती? घाईत होतीस. ट्रक बघायचा होता. दार उघडं राहिलं असेल, नाही का?"

मी आठवू लागले आणि जितकं आठवत होते तितका ट्रकच दिसत होता. परत आले तेव्हा दार उघडं होतं हे मात्र स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, "हो. राहिलं असेल. राहिलंच."

सरांनी श्वास सोडला. म्हणाले, "चौथा दाराच्या सगळ्यात जवळ. तापमान बिघडलं की परीक्षा परीक्षा राहत नाही. मग तो आपला निष्कर्ष नव्हे, अपघात. तो मोजायचा नाही." आणि मग खांद्यावर हात ठेवून, "कबूल करायला धैर्य लागतं. तू प्रामाणिक मुलगी आहेस."

प्रामाणिक हा शब्द मला कुणी लावेल असं वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तोच घोळवत आले. दादाला सांगितलं नाही, कारण ट्रकचंही सांगावं लागलं असतं.

सोमवार, १ एप्रिल

कागदावर सही केली. "ठोकळा क्रमांक चार वगळण्याचे कारण: कर्मचारी अनुपस्थित, गरम खोलीचे दार उघडे राहिले, माझ्या हातून दार उघडे राहिले हे मला मान्य आहे." शेवटचं वाक्य माझ्याच अक्षरात लिहायला सांगितलं.

मग सरांनी रोजवही काढली. कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलाय, दाखल्यासोबत ही जाणार, नव्या वहीत सुवाच्य उतरवून काढ म्हणाले. नऊ रकाने. चौथा वगळलाय तर त्याचा रकाना कशाला, उगाच वाचणाऱ्याचा गोंधळ.

मी विचारलं, "पण एकच रेघ मारायची ना? खालचं वाचता येईल अशी?"

"ते खोडताना. हे खोडणं नाही, हे नीटनेटकं करणं आहे."

दिवसभर उतरवत होते. माझं अक्षर आता चांगलं वळलंय. चौथ्याचे आकडे गाळताना सारखी पेनाची ठेच लागत होती, सवयीने हात तिकडे जायचा. जुनी वही सरांनी टेबलाच्या खणात ठेवली. मिस्त्री दारातून डोकावले, वही बघितली, मला बघितलं आणि गेले.

शनिवार, २० एप्रिल

दाखला आला! "दीर्घकाळच्या भाराखाली नऊपैकी नऊ नमुने समाधानकारक." दादाने मोबाईलवर दाखवला, मी चारदा वाचला. काचेच्या इमारतीच्या गच्चीत आठ बोल्ट बसलेसुद्धा. लंबू म्हणाला, एक बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने चिकटवला आणि कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं, भिंगरीसारखा पळू नकोस.

मी खूप हसले. नंतर जरा कसंतरी झालं. पण ते बहुतेक उन्हामुळे.

सोमवार, ६ मे

परीक्षा संपत आलीय, मला फारसं काम नाही, म्हणून मिस्त्रींजवळ बसले होते. ते पुढच्या कामासाठी डिंकाचे डबे थंड कपाटातून काढून कोमट पाण्याच्या परातीत ठेवत होते.

"ह्यांना अंघोळ का घालताय?"

"गार असला की दगड होतो. ऊब दिली की चमच्यातून सरकतो."

"पण बोल्टभोवती सुकल्यावर?"

"सुकल्यावर लय फरक नाही पडत, पण स्वभाव तोच. ऊन लागलं की जरा नरमणार, गार झाला की आवळणार. म्हणून तर गरम खोली बांधली, नाहीतर बाहेरच लटकवले असते."

मी काठीने डबा ढकलत होते. ढकलता ढकलता हात थांबला.

"मिस्त्री, दार उघडं राहिलं तर खोली गार होते."

"हं."

"दाराजवळचा सगळ्यात आधी."

"हं."

"म्हणजे चौथा तेव्हा जास्त घट्ट धरायला हवा होता."

मिस्त्रींनी हात पुसले. "पाच आठवडे लागले तुला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कुणी विचारलं नाही. माझी दोन वर्षं राहिलीत इथली."

"मग तो पडला का?"

आणि मग मिस्त्री तीस वर्षांचं एकदम बोलले. "तेच तर कुणाला माहीत नाही. डिंक कमी पडला, भोकात धूळ राहिली, माझ्या खडीत काही होतं, नाहीतर दहातला एक असाच जातो. नऊ उभे राहिले ते का राहिले हे तुझ्या सरांना पाच वर्षांपासून ठाऊक आहे. न कळणारी गोष्ट एकच घडली ह्या खोलीत, आणि तिलाच बाहेर काढलं. मग शोध कशाचा लावायचा?"

बसमध्ये ही वही चाळली. ५२, ५८, ७१. मी ट्रक बघायला जायच्या आधीचे आकडे. माझ्याच अक्षरात. तो आधीच निघाला होता.

मंगळवार, ७ मे

सकाळीच सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, उघडं म्हणजे गार, गार म्हणजे घट्ट. आणि बाराला ७१ होता."

ते रागावले नाहीत. आजही नाहीत. म्हणाले, "बस."

मी उभीच राहिले.

"नऊ ठोकळे अजून उभे आहेत, जाऊन बघ. पाच वर्षं मी ह्याच्यासाठी घालवलीत. दहा ठोकळे परत ओतायचे, परत चिकटवायचे, परत लटकवायचे, म्हणजे वर्ष जातं. तोवर दुसरं कुणीतरी दुसरं काहीतरी विकेल, याच्याहून वाईट."

"पण तो का पडला?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. खरं बोलले असं वाटलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"दादा त्याच बोल्टांवर लटकतोय. काचेच्या इमारतीत."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. टेबलावरची पेन्सिल त्यांनी सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली. "तिथे एकेका झुल्याला दोन बोल्ट आहेत. भारही परीक्षेपेक्षा कमी. काही होणार नाही."

"सर, दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही."

"तूच लिहून दिलंयस की चूक तुझी. ते आता कसं खोडणार?"

"एका रेघेने," मी म्हटलं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकी लंबूने पुसलेली, अजून लख्ख आहे. मग म्हणाले, काम संपतच आलंय, सोमवारपासून आली नाहीस तरी चालेल.

बुधवार, ८ मे

दादाला सगळं सांगितलं. ट्रकपासून. त्याने मधे एकदाही अडवलं नाही, म्हणून मला वाटलं पटलं.

"सही करून दिलीस की चूक माझी. आता म्हणतेस नव्हती. उद्या काय म्हणशील?"

"उद्याही हेच."

"भिंगरे, नोकरी सुटली म्हणून सांगतेयस का हे?"

वहिनी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

मी वही पुढे केली. दादाने आकडे बघितले. त्याला आकड्यांतलं काय कळणार, मलाही दोन महिन्यांपूर्वी कळलं नसतं. "मोठ्या लोकांचा शिक्का आहे त्या दाखल्यावर," तो म्हणाला. "मी मालकाला काय सांगू, माझ्या बहिणीला वाटतंय?"

मग बूट बांधताना, माझ्याकडे न बघता, "बरं. माझा कमरेचा पट्टा मी झुल्याच्या बोल्टाला न बांधता जिन्याच्या खोलीच्या खांबाला बांधीन. आता तरी जेवशील?"

म्हटलं, लंबूला पण सांग.

"बघतो."

शुक्रवार, १० मे

काचेच्या इमारतीच्या कचेरीत गेले. व्यवस्थापक जेवायला गेलेत, बसा म्हणाले. बसले. समोर एक माणूस दालनातलं कारंजं दुरुस्त करत होता. पाण्याचा पंप उघडून आतली चक्री काढली, केस अडकले होते तिच्यात, कुणाचे कोण जाणे. तो मला दाखवत होता पाणी वर कसं चढतं ते. मान वर केली तेव्हा व्यवस्थापक येऊन पुन्हा बैठकीला गेले होते. आता सोमवारी या.

हे लिहिताना शरम वाटतेय. पण दिसलं ते लिहायचं.

मंगळवार, १४ मे

काल गेले नाही. आजही नाही. चार दिवस ऊन मरणाचं पडलंय आणि काही झालेलं नाही. तिथे जाऊन "माझ्या हातून दार उघडं राहिलं होतं, पण ते कारण नाही" असं म्हटलं की माणूस कसा बघेल ते डोळ्यांपुढे येतं. गुरुवारी जाते. नक्की.

गुरुवार, १६ मे

दुपारी अडीच वाजता. अकराव्या मजल्यावर. उजवीकडचा बोल्ट.

लंबू गेला.

रविवार, १९ मे

दादा लटकत राहिला. खांबाला बांधलेल्या पट्ट्याने. खांदा निखळलाय, बरगड्या मोडल्यात, पण जिवंत आहे. आगीच्या बंबाची शिडी यायला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटं तो खाली बघत होता.

आज पहिल्यांदा बोलला. मी पाणी पाजत होते. म्हणाला, "मी त्याला सांगितलं नाही."

मी पेला खाली ठेवला.

"त्याने विचारलं, खांबाला का बांधतोयस. मी म्हटलं, सावलीत दोर कमी तापतो. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता. दिवसभर. तुझं नाव घेऊन." थोड्या वेळाने, "तुला हसलेलं मला नको होतं."

वहिनी बाहेर गेली. कालपासून ती पोळ्या मोजून लाटते आणि तरी चार जास्त होतात.

शुक्रवार, २४ मे

चौकशी बसलीय. पेपरात आलंय की परीक्षेत पूर्वी एक नमुना पडला होता, पण तो "एका हंगामी कर्मचारी मुलीच्या निष्काळजीपणामुळे", तिचा लेखी कबुलीजबाब उपलब्ध आहे. नाव छापलेलं नाही, पण गल्लीत सगळ्यांना कळलंय. किराणावाल्याने सुट्टे पैसे हातात न देता काचेवर ठेवले.

मिस्त्रींना भेटायला गेले. घराच्या दारात उभे राहूनच बोलले. जुनी रोजवही खणात नाही म्हणाले. आणि, "मी येईन साक्षीला. बोलावलं तर." मी म्हटलं, नाही बोलावलं तर? त्यांनी दाराची कडी धरली. "मग चालत येईन. दोन वर्षंच तर आहेत."

सोमवार, ३ जून

चौकशीच्या बाई साध्याच आहेत. पिशवीतून पाण्याची बाटली काढतात, झाकण घट्ट लागलंय का ते दोनदा बघतात. मी ही वही त्यांच्यापुढे ठेवली. हिच्यात वहिनीबद्दल लिहिलंय, दादाबद्दल, कारंज्याबद्दल. सगळं वाचणार. वाचू देत. एकही पान फाडलेलं नाही.

मी आधीच म्हटलं, "दार उघडं राहिलं ही माझी चूक, ते मी नाकारत नाही. पण बोल्ट त्याने सुटलेला नाही. आकडे बघा."

त्यांनी आकडे बघितले. कागदावर उतरवून घेतले. मग त्याच पानावर मागे गेल्या आणि तिथेच थांबल्या. पेनाचं टोक ओळीवर टेकवलं.

"गुडघ्याला कधी लागलं तुमच्या?"

"गुडघ्याला?"

"इथे लिहिलंय. टेंगूळ."

"हां. त्याच दिवशी. बाराचे आकडे घेऊन बाहेर आले तेव्हा. दार लावताना खिट्टी…"

मी थांबले. हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"खिट्टी बसली?" बाईंनी विचारलं.

"ठक्कन."

"मग तुम्ही ट्रक बघायला गेलात. आणि परत आलात तेव्हा आत आधी कोण होतं?"

ते पण लिहिलेलंच होतं. त्यांनी वाचलं होतं, तरी माझ्याकडून ऐकून घेतलं. मी म्हटलं, सर होते. दोन महिने मी माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवला नाही, आणि सरांच्या "असेल, नाही का?" वर ठेवला.

मग त्यांनी तो कागद पुढे सरकवला, १ एप्रिलचा, सहीचा. म्हणाल्या, हा तुमचा जबाब, यात काही बदल करायचा असेल तर करता येईल, दुसरा कागद देऊ का?

मी म्हटलं, दुसरा नको. पेन द्या.

"माझ्या हातून दार उघडे राहिले" यावर एकच आडवी रेघ मारली, सरळ आली. बाजूला सही केली, तारीख घातली. खालचं अजून स्वच्छ वाचता येतं.